विषावांचून कीडनाश

चैत्र संपून वैशाखाचें ऊन तापूं लागलें, म्हणजे आमच्या लहानपणीं घरोघर एक उत्सवच सुरू होई. कोठीच्या खोलींतील कणग्या रित्या होत, पोतीं उपडीं होत, आणि गहूं, ज्वारी, तूर, चवळी हीं सारीं धान्यें सतरंज्यांवर व जुन्या लुगड्यांवर गच्चीभर पसरलीं जात. घरांतील वडील स्त्री छत्री घेऊन राखणीस बसे. दुपार कलतां तें तापलेलें धान्य मुठींत घेऊन ती म्हणे, ‘आतां पावसाळ्याची चिंता मिटली.’ धान्यास ऊन दाखविण्याच्या या रीतींत कांहीं शास्त्र असेल, असें आम्हां मुलांस वाटत नसे. पापड-कुरडयांसारखाच तोहि उन्हाळ्याचा एक भाग, इतकेंच आम्ही समजत होतों. पुढें शाळामास्तरकी करून निवृत्त झाल्यावर एका कठीण प्रसंगानें त्या उन्हाची आम्हांस आठवण करून दिली. तो प्रसंग प्रथम सांगतों. कारण या लेखाचें मूळ त्यांतच आहे.

आमचा वाडा पेठेंत आहे. आम्ही दोघे भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा माणसें वरच्या मजल्यावर राहतों, आणि खालच्या रस्त्याकडील दोन गाळ्यांत एका भुसारी व्यापाऱ्याचें दुकान आहे. दोहोंच्या मधें जुनी सागवानी तक्तपोशी. तिला जागोजागीं फटी पडलेल्या. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका शनिवारीं डाळींच्या पोत्यांस लागलेली कीड मारण्याकरितां दुकानदारानें धुरीच्या गोळ्या पोत्यांमधून ठेवल्या, दुकानास कुलूप लावलें आणि तो आपल्या गांवीं निघून गेला. मध्यरात्रीं आमच्या पांच वर्षांच्या नातवास उलट्या सुरू झाल्या. खाण्यांत कांहीं बाधलें असेल, म्हणून सूनबाईंनीं ओव्याचें पाणी दिलें. इतक्यांत आमच्या भावजयीस घेरी आली; आणि आमच्या पत्नीनें विचारलें, ‘अहो, चातुर्मासांत आपल्या घरांत लसूण येत नाहीं, मग हा लसणाचा वास कोठून येतो?’

त्या एका प्रश्नानें आमचें घर वांचलें. वास तक्तपोशीच्या फटींतून येत होता. आम्हीं सर्व खिडक्या उघडल्या, पोरांना उचलून रस्त्यावर आणलें आणि नातवास घेऊन इस्पितळ गांठलें. डॉक्टरांनीं वासाची हकीकत ऐकतांच ओळखलें. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या होत्या. हवेंतील ओल लागली कीं त्यांतून फॉस्फीन नांवाचा विषारी वायु सुटतो. त्यावर उतारा असा नाहीं. रोग्यास शुद्ध हवा व प्राणवायु देऊन त्याचें शरीर झुंज देईल तितकी द्यावयाची, एवढेंच वैद्याच्या हातीं असतें. या गोळ्या सामान्य माणसानें वापरूं नयेत, परवानाधारक जाणत्या माणसांनींच वापराव्या, असा आपल्याकडे निर्बंध आहे. परंतु निर्बंध कागदावर आणि गोळ्या दुकानांत, अशी स्थिति. ईशकृपेनें नातू तीन दिवसांनीं घरीं आला. जिन्याखालीं मांजरीनें घातलेलें पिल्लू मात्र सकाळीं मेलेलें आढळलें.

दुकानदार परत आल्यावर आम्ही त्यास बोलण्याकरितां खालीं उतरलों, तेव्हां आमच्या मनांत क्रोध होता. तो बिचारा आमचे पाय धरून रडूं लागला. मग डोळे पुसून म्हणाला, ‘गुरुजी, कीड मारली नाहीं तर माल जातो, आणि मारायला गेलों तर माणूस जातो. आम्हीं करावें तरी काय?’ या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पुष्कळ वर्षें मुलांस प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें; येथें एक अल्पशिक्षित व्यापारी आम्हांस निरुत्तर करून गेला. तेव्हांपासून या विषयाची चौकशी आम्हीं चालविली, आणि तींत जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे एक भाचे मैद्याच्या मोठ्या गिरणींत यंत्रविशारद आहेत. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानाच्या विद्यापीठांत दळणशास्त्राचें स्वतंत्र शिक्षण मिळतें. तेथें ते कांहीं काळ अभ्यासास राहून आले आहेत. आम्हीं त्यांस घडलेली हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘मामा, कीड मारावयास विषच लागतें असें नाहीं. आजीच्या गच्चीवरचें ऊन आठवतें ना तुम्हांला? आम्ही तेंच ऊन गिरणीच्या आंत आणतों.’ हें ऐकून आम्ही चकित झालों. संबंध चार-पांच मजली इमारत, तींतील यंत्रांसह, एखाद्या भट्टीप्रमाणें तापवावयाची आणि दिवसभर तशीच ठेवावयाची! परंतु ही कल्पना नवी नाहीं. शंभरांहून अधिक वर्षें ती वापरांत आहे.

ती समजण्यास गिरणींतील कीड कशी असते, हें आधीं पाहिलें पाहिजे. आमच्या वाचकभगिनींस पिठांतील अळी व तांदळांतील टोके ठाऊकच आहेत. घरांत डबा रिकामा करून, घासून, उन्हांत ठेवला कीं काम भागतें. गिरणींत तसें होत नाहीं. तेथें नळ, चाळण्या, पट्टे व पेट्या यांच्या सांध्यासांध्यांतून पीठ सांचून राहतें, आणि जेथें चिमूटभर पीठ, तेथें किड्यांचें घर. तांबडा भुंगेरा हा त्यांतला मुख्य. तो पुरता पाव इंचहि लांब नसतो. परंतु एक मादी आपल्या आयुष्यांत शेंकडों अंडीं घालते, आणि उबदार हवेंत अंड्यापासून भुंगेरा होण्यास सुमारें एक महिना पुरतो. त्याच्या अंगांतून निघणाऱ्या द्रव्यानें पिठास घाण वास येतो व गुलाबीसर छटा चढते. दुसरा शत्रु म्हणजे पिठाचा पतंग. १८७७ मध्यें जर्मनींतील हाले गांवीं तो प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. पुढें १८८९ त कॅनडांत व १८९२ त कॅलिफोर्नियांत त्यानें गिरण्यांस सळो कीं पळो करून सोडलें. त्याच्या अळ्या रेशमासारखें जाळें विणतात. त्या जाळ्यानें पीठ गठ्ठ्यागठ्ठ्यांनीं चिकटतें, नळ तुंबतात आणि चालतें यंत्र बंद पडतें.

या शत्रूंवर मनुष्यानें प्रथम विषाचेंच शस्त्र उगारलें. कार्बन बायसल्फाईड वापरून पाहिलें, तर तें ठिणगी लागतांच भडका घेई. हायड्रोसायनिक वायु वापरला, तर तो किड्याइतक्याच तत्परतेनें माणसास मारी. पुढें १९३२ मध्यें फ्रान्समध्यें मेथिल ब्रोमाईडचा कीटकनाशक गुण लक्षांत आला, आणि पुढील अर्धशतकांहून अधिक काळ जगांतील गिरण्यांनीं व गुदामांनीं त्याची कांस धरली. परंतु पृथ्वीभोंवतीं सूर्याच्या दाहक किरणांपासून रक्षण करणारा जो ओझोनचा थर आहे, त्यास हा वायु जाळीत असल्याचें दिसून आलें. ओझोनरक्षणाचा मॉन्ट्रियल येथील करार १९८७ चा. त्यांत १९९२ मध्यें मेथिल ब्रोमाईडचा समावेश झाला. पुढारलेल्या देशांनीं २००५ पर्यंत व इतरांनीं २०१५ पर्यंत त्याचा सामान्य वापर बंद करावा, असें ठरलें. कांहीं अपवाद तेवढे राखले. राहिलें तें फॉस्फीन, म्हणजे आमच्या वाड्यांत शिरलेलें विष. तें तांब्याच्या तारा व विजेचीं नाजूक उपकरणें खातें, त्याचें काम पुरें होण्यास कित्येक दिवस लागतात, आणि अनेक ठिकाणच्या किडींस तें आतां पचूं लागलें आहे. म्हणून गिरणीवाल्यांची दृष्टि पुन्हा जुन्या उपायाकडे वळली.

तो उपाय किती जुना आहे पहा. १७६० च्या सुमारास फ्रान्समधील आंगूम्वा प्रांतांत एका पतंगानें गव्हाचा असा फडशा पाडला कीं लोक हवालदिल झाले. पॅरिस येथील विद्वत्सभेनें द्यूआमेल द्यू मोंसो व तिये या दोघां पंडितांस तेथें पाठविलें. त्यांनीं त्या पतंगाचें जीवनचरित्र बारकाईनें पाहिलें, आणि १७६२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध करून धान्य भट्टींत बेतानें तापविण्याचा उपाय सुचविला. त्या पतंगास इंग्रजींत अद्यापि त्याच प्रांताच्या नांवानें ओळखतात. परंतु नुसतें धान्य नव्हे, तर अख्खी गिरणी तापविण्याचा उपाय शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला तो कॅन्ससच्या कृषि-महाविद्यालयांतील जॉर्ज डीन यांनीं. तेथील हिंवाळा अति कडक; म्हणून गिरण्यांतून वाफेचे नळ खेळवून त्या उबदार ठेवलेल्या असत. डीन यांनीं विचार केला, कीं जे नळ हिंवाळ्यांत गारठा घालवितात, तेच भर उन्हाळ्यांत चालू केले तर? त्यांनीं प्रयोग केले आणि १९११ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला, कीं ११८ ते १२२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ४८ ते ५० अंश सेंटिग्रेड, एवढी उष्णता कांहीं काळ टिकवून धरली तर गिरणींतील कोणत्याहि किडीची कोणतीहि अवस्था वांचत नाहीं. गच्चीवर धान्य पसरणाऱ्या आमच्या आजीनें उष्णतामापक कधीं पाहिला नव्हता. परंतु ती ज्या वाटेनें चालत होती, ती हीच होय.

उष्णतेनें कीड मरते ती कां? माणसाचें रक्त थंडीवाऱ्यांत एकाच मानावर राहतें. किड्याचें अंग सभोंवारच्या हवेप्रमाणें तापतें व थंड होतें. २५ ते ३३ अंश ही धान्यकिडीची सुखाची हवा. तींत तिची प्रजा भराभर वाढते. ३५ अंशांपुढें वाढ खुंटते. ४५ अंशांपुढें मरणास कांहीं तास लागतात, आणि ५० ते ६० अंशांत कांहीं मिनिटें पुरतात. अंडें शिजलें कीं त्याचा द्रव घट्ट होतो व पुन्हा पूर्ववत् होत नाहीं. त्याचप्रमाणें किड्याच्या देहांतील प्रथिनें बिघडतात, त्याच्या अंगावरील मेणाचें कवच ढिलें पडतें आणि शरीरांतील पाणी उडून जातें. मात्र सर्व अवस्था सारख्या दुबळ्या नसतात. तांबड्या भुंगेऱ्याच्या बाबतींत नुकती अंड्यांतून निघालेली अळी सर्वांत चिवट, असें २००३ मध्यें कॅन्सस येथील संशोधनांत दिसून आलें. या विषयावरील तेथल्या लेखनांत भद्रिराजु सुब्रह्मण्यम् हें आपल्याकडचें नांव वारंवार भेटतें, याचा आम्हांस अभिमान वाटला. सारांश, मोठा किडा मेलेला पाहून समाधान मानूं नये. लहानग्या अळीचा समाचार घेतला गेला कीं नाहीं, हें पाहावें.

आतां प्रत्यक्ष पद्धति सांगतों. गिरणी बंद करावयाची, आणि पहिला दिवस केवळ झाडण्यांत घालवावयाचा. यंत्रें उघडून त्यांतील पीठ, कोंडा, भुसा सर्व काढून टाकावा लागतो. कारण पीठ हें उष्णतेस मोठें आडकाठी करणारें आहे. बाहेर हवा ६० अंशांवर असली तरी हातभर पिठाच्या ढिगाच्या पोटांत ती पोंचण्यास फार वेळ लागतो, आणि कीड नेमकी तेथेंच दडी मारते. त्यानंतर वाफेच्या, विजेच्या किंवा वायूच्या भट्ट्यांनीं तापलेली हवा आंत सोडतात. ती एकदम सोडीत नाहींत. तासास तीन ते पांच अंश, अशा बेतानें चढवितात, नाहीं तर भिंती, फरशी व यंत्रें यांस तडे जाण्याचें भय. ऊन हवा वर चढते, म्हणून वरचे मजले लवकर तापतात आणि तळमजला, भिंतींचे कोंपरे व फरशीचे सांधे थंड राहतात. त्यावर उपाय म्हणून मोठे पंखे लावून हवा सारखी ढवळीत राहावी लागते. पळून जाणाऱ्या किड्यांसाठीं दारांच्या उंबऱ्याशीं खनिज भुकटीची रेघ ओढतात. तिनें त्यांच्या अंगावरचें मेण खरवडलें जाऊन ते वाळून मरतात. सर्व जागा ५० अंशांवर आली म्हणजे मग घड्याळ लावावयाचें. ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवून सगळें मिळून २४ ते ३६ तास हें काम चालतें.

भाच्यांच्या गिरणींत हा उपाय प्रथम केला तेव्हां तो फसला. त्याची हकीकत त्यांनींच मोकळेपणानें सांगितली, आणि आमच्या मतें साऱ्या विषयाचें मर्म तींत आहे. दिवाळीच्या मालाची घाई होती. मालक मंडळींनीं झाडण्यास पुरता दिवस दिला नाहीं. धान्य वर चढविणाऱ्या पट्ट्याच्या तळाशीं जी पेटी असते, तींतलें पीठ तसेंच राहिलें. मधल्या मजल्यावरील उष्णतामापक ५५ अंश दाखवीत होता. तो पाहून चौदा तासांनींच भट्ट्या बंद केल्या. भाच्यांनीं मात्र तत्पूर्वीं एक युक्ति केली होती. लहान लहान डब्यांतून थोडें पीठ व जिवंत अळ्या भरून ते डबे त्यांनीं गिरणीभर कोंपऱ्याकोंपऱ्यांत ठेवले होते. काम संपल्यावर डबे उघडले. वरच्या मजल्यावरचे सारे डबे निर्जीव. तळच्या पेटीजवळच्या डब्यांत मात्र अळ्या वळवळत होत्या. त्यांनीं ती गोष्ट वरिष्ठांच्या कानीं घातली, पण ‘एका डब्यानें काय होतें?’ असें उत्तर मिळालें. सहा आठवड्यांनीं चाळण्यांतून पुन्हा भुंगेरे पडूं लागले. दुसऱ्या खेपेस सारी यंत्रें रिकामीं केलीं, तीस तास दिले, उष्णतामापक मध्यावर न ठेवतां सर्वांत थंड जागीं ठेवला, आणि एकहि डबा जिवंत निघाला नाहीं. आम्हीं वर्गांत नेहमीं सांगत असूं, कीं हुशार मुलाच्या उत्तरावरून वर्गाची परीक्षा करूं नये, शेवटच्या बाकावरच्या मुलास विचारावें. गिरणीची परीक्षाहि शेवटच्या कोंपऱ्यावरून करावी लागते, हें ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

या उपायाचे लाभ उघड आहेत. अन्नांत विषाचा अंश राहत नाहीं. विषारी वायूकरितां इमारत जशी फट न् फट बुजवून ठेवावी लागते, तशी येथें लागत नाहीं. संबंध गिरणी बंद ठेवणें शक्य नसेल, तर एकच दालन तापवितां येतें. आणि शेजारच्या घरांत निजलेल्या मुलास त्यापासून धोका नाहीं! आमच्या दृष्टीनें हा शेवटचा लाभ सर्वांत मोठा.

परंतु अग्नि हा उत्तम सेवक असला तरी बेपर्वा धन्यास तो क्षमा करीत नाहीं. पिठाची धूळ हवेंत उडाली असतां ठिणगीनें तिचा स्फोट होतो. अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं २ मे १८७८ रोजीं अशाच स्फोटानें वॉशबर्न कंपनीची प्रचंड गिरणी उद्ध्वस्त झाली आणि अठरा माणसें प्राणास मुकलीं. म्हणून झाडलोट ही केवळ किडीकरितां नव्हे, तर प्राणरक्षणाकरितांहि आधीं करावी लागते. आग विझविण्याचे पाण्याचे जे फवारे छतास बसविलेले असतात, त्यांपैकीं पुष्कळांची तोंडें ६८ अंशांस आपोआप उघडतात. तीं आधीं बदलून घेतलीं नाहींत, तर गिरणीवर ऐन वेळीं पाऊस पडावयाचा. विजेचीं नाजूक उपकरणें, रबरी पट्टे, वायूच्या टाक्या यांची व्यवस्था निराळी करावी लागते. आंत जाणाऱ्या कामगारानें एकट्यानें जाऊं नये, थोडाच वेळ थांबावें आणि भरपूर पाणी प्यावें. हें सर्व अनुभवी माणसाच्या देखरेखीखालींच व्हावयाचें काम आहे.

याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. रिकाम्या किंवा रिकाम्या करतां येणाऱ्या इमारतीसच हा उपाय लागू पडतो. पोत्यांनीं छतापर्यंत भरलेलें गुदाम तापवूं म्हणाल, तर पोत्यांच्या पोटांतील कीड थंड राहील आणि इंधन मात्र जळून जाईल. शिवाय उष्णता गेली कीं तिचा अंमलहि गेला. दुसऱ्याच दिवशीं किडकें पोतें आंत आणलें, तर सारें मुसळ केरांत. म्हणून स्वच्छता, येणाऱ्या मालाची तपासणी आणि मग उष्णता, असा हा क्रम आहे.

गिरणीबाहेरहि हें तत्त्व पसरलें आहे. परदेशांतून येणाऱ्या यंत्रांच्या लांकडी खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचें चिन्ह व ‘एच टी’ हीं अक्षरें वाचकांनीं पाहिलीं असतील. २००२ मध्यें झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें त्या लांकडाचा गाभा ५६ अंशांवर निदान ३० मिनिटें तापविला आहे, असा त्याचा अर्थ. हेतु हा, कीं एका देशाची कीड लांकडांत बसून दुसऱ्या देशांत जाऊं नये. उतारूंच्या मोठमोठ्या हॉटेलांतून ढेकणांचा उपद्रव वाढला, तेव्हां तेथेंहि बिछाने, पलंग व पडदे यांसह खोल्याच्या खोल्या तापविण्याची प्रथा पडली. देवहि ढेकणांस भितात, अशी थट्टा संस्कृत कवींनीं केली आहे. परंतु ढेकूण कशास भितो, तें आतां मोजून कळलें. २०११ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोठा ढेकूण ४८ अंशांच्या थोडें पुढें तत्काळ मेला. अंड्यांस मात्र ५५ अंशांच्या जवळ जावें लागलें. खाटेच्या सांध्यांत कढत पाणी ओतणाऱ्या आमच्या मावशीबाई एकदांच ओतून थांबत नसत, याचें मर्म आतां उमगतें.

हें वाचून कोणी उत्साही गृहस्थ कोठीच्या खोलींत शेगडी पेटवून दार लावून घेतील, अशी आम्हांस भीति वाटते. कृपा करून तसें मुळींच करूं नये. बंद खोलींतील कोळशाचा धूर हा फॉस्फीनइतकाच घातक; शिवाय आगीचें भय. घरास सूर्यनारायण पुरे आहेत. चवळी, मूग, तूर यांच्या भुंग्यांकरितां आफ्रिकेंतील कॅमेरून देशांतील शेतकरी अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साह्यानें एक सोपी युक्ति शिकले. जमिनीवर काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर धान्याचा पातळ थर, वरून पारदर्शक कागद, आणि कडांवर दगड. आंतील धान्य ५७ अंशांवर तासभर राहिलें कीं भुंगा, अळी व अंडें हीं तिन्ही मरतात. आमच्या सूनबाईंनीं गेल्या वैशाखांत गच्चीवर हा प्रयोग चवळीवर केला आणि श्रावणापर्यंत एकहि दाणा पोकळ निघाला नाहीं. मात्र दोन सूचना. बियाण्याचें धान्य असें तापवूं नये, कारण उगवणशक्ति जाण्याचा संभव असतो. आणि तांदूळ कडक उन्हांत तडकतो, हें आमच्या भगिनी आमच्याहून अधिक जाणतात. त्यास सावलींतली मोकळी हवाच बरी. धान्य पुरतें निवल्यावरच डब्यांत भरावें, म्हणजे आंत घाम धरणार नाहीं.

दुकानदाराच्या प्रश्नाचें उत्तर घेऊन आम्ही पुन्हा खालीं उतरलों. अर्थात् पेठेंतल्या दोन गाळ्यांत गिरणीच्या भट्ट्या आणणें शक्य नव्हतें, आणि सागवानी वाडा तापविणें तर वेडेपणाच. परंतु तत्त्व कळलें म्हणजे वाट सांपडते. मोठा सांठा त्यानें मार्केट यार्डांतील गुदामांत हलविला. तेथें धुरी द्यावी लागली तर ती परवानाधारक माणसें देतात आणि जवळपास वस्ती नाहीं. दुकानांत पंधरा दिवसांपुरताच माल ठेवावयाचा, आणि दर वैशाखांत दोन्ही गाळे पूर्ण रिकामे करून, फळ्या काढून, सांधे झाडून, रिकामीं पोतीं व फळ्या चौकांतल्या उन्हांत टाकावयाच्या, असें ठरलें. गोळ्या पुन्हा आणणार नाहीं, असें वचन त्यानें देवासमोर दिलें आणि आजवर पाळलें आहे. आमच्या बाजूनें आम्हीं तक्तपोशीच्या फटी बुजविल्या आणि गुदामाच्या भाड्याचा त्यास भार पडूं नये म्हणून दुकानाचें भाडें थोडें उतरविलें. कारण सुरक्षिततेचा खर्च एकट्या गरीबानेंच कां सोसावा?

आपल्या घराखालीं, शेजारीं अथवा मागें धान्याचें दुकान वा गुदाम असेल, तर वाचकांनीं एक गोष्ट आजच करावी. भांडण करूं नये. स्नेहानें जाऊन, ‘कीड मारण्यास तुम्ही काय वापरतां?’ एवढें विचारावें. गोळ्यांचें नांव निघालें, तर त्या वस्तींत वापरण्याच्या नव्हेत, हें समजावून सांगावें. आणि रात्रीं घरांत लसणाचा वा सडक्या मासळीचा वास विनाकारण आला, तर कारण शोधीत बसूं नये. आधीं मुलांना घेऊन मोकळ्या हवेंत जावें, इस्पितळास कळवावें, आणि मग चौकशी करावी.

यंदाच्या वैशाखांत दुकानाच्या फळ्या चौकांत पडल्या होत्या, आणि आमचा नातू, आतां आठ वर्षांचा, काठी घेऊन चिमण्या हांकीत बसला होता. त्यानें आम्हांस विचारलें, ‘आजोबा, उन्हानें किडे कसे मरतात?’ आम्हीं त्यास कॅन्ससच्या गिरणीची हकीकत सांगितली. ती संपल्यावर तो म्हणाला, ‘मग खालच्या काकांनीं आधींच उन्हांत कां नाहीं ठेवलं?’

आम्हीं त्यास खरें तेंच सांगितलें: ‘बाळ, त्यांना कोणी सांगितलें नव्हतें.’